दुखायचा थांबलेला दात

आमच्या घरात कॉर्नेट, म्हणजे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य, एकच. ते आधी बाबांचं होतं, मग माझं झालं. गास या गावाशेजारच्या आमच्या गावात कॅथलिकांचं लग्न असो की मयत, पुढे बॅण्ड हवाच, आणि त्या बॅण्डमध्ये कॉर्नेट बाबा वाजवायचे. मी चौदा वर्षांचा असताना त्यांचे वरचे पुढचे दोन दात गेले आणि वाजवणं संपलं. कॉर्नेटचं तोंड ओठांवर टेकतं, पण त्याचा भार घेतात ओठांमागचे दात. त्यांनी कवळी करून घेतली, पण जोरात फुंकलं की ती हलायची. दोन-तीनदा करून पाहिल्यावर त्यांनी ते वाद्य माझ्या हातात दिलं आणि केळीला पाणी लावायला वाडीत निघून गेले. मी आनंदाने नाचलो. त्यांना काय वाटलं असेल, हे मी विचारलं नाही. पोरवयात सुचलं नाही, आणि पुढे सुचलं तेव्हा विचारायची लाज वाटली.

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी, ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा, माझी पाळी आली. मी तोवर गावच्या शाळेत शिक्षक झालो होतो. नाताळानंतरच्या एका लग्नात नवऱ्याला चर्चकडे नेताना वाडीतल्या ओल्या वाटेवर माझा पाय घसरला आणि कॉर्नेट दातावर आदळलं. वरचा पुढचा दात. थोडं रक्त आलं, ते पुसलं आणि वरात वाजवत चर्चपर्यंत नेली. त्या दिवशी मला माझं फार कौतुक वाटलं होतं.

महिनाभरात गार पाणी सोसेना, मग गरम चहा सोसेना. राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, उजाडेपर्यंत दात ठणकायला लागला. बायको रोज म्हणायची, डॉक्टरकडे जा. मी रोज म्हणायचो, जातो. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. डॉक्टर दात काढणार, आणि बाबांसारखंच माझं कॉर्नेट जाणार, एवढंच मला दिसत होतं. पण भित्रेपणा कबूल करेल तो मास्तर कसला? मला सोयीचं कारण हवं होतं आणि ते बाबांनी दिलं. उपवासकाळात आमच्याकडे प्रत्येक जण काहीतरी सोडतो. कुणी मटण सोडतं, कुणी दारू. बाबा म्हणाले, "औंदा तू काय सोडू नको. हा दात दुखतो ना, तेच दुखनं देवाला दे. मीपन दिलेलं."

त्यातलं शेवटचं वाक्य मी नुसतं ऐकून सोडून दिलं. मी दुखणं देवाला दिलं आणि मुकाट सोसायला लागलो. गंमत अशी की त्याच दिवसांत सातवीच्या वर्गात मी फळ्यावर दाताची आकृती काढत होतो. आतल्या रक्तवाहिन्या लाल खडूने, नसा पिवळ्या खडूने. मुलांना सांगत होतो, दात जिवंत असतो बरं का. आणि स्वतः एक गाल हातात धरून उभा होतो.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, बुधवारी, दुखणं थांबलं. एकदम, कुणी बटण बंद करावं तसं. मी बाबांना सांगितलं. त्यांनी क्रूसाची खूण केली आणि म्हणाले, "ऐकतो तो." ईस्टरला चर्चबाहेर बॅण्ड लागला तेव्हा मी वरचे सूर असे काढले की माझे मलाच खरे वाटेनात. बाबा बाकावर बसून ऐकत होते. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं, कॉर्नेटच्या तीन कळा दाबाव्यात तशी, मांडीवर माझ्याबरोबर चालत होती.

"दात काळपट दिसतोय," बायको म्हणाली.

"तुझ्या डोळ्यांत काजळ गेलंय," मी म्हणालो.

ईस्टरनंतर तीन आठवड्यांनी सकाळी उठलो तर वरचा ओठ सुजून नाकाला लागलेला. बाबा मला गावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "पू झालाय. काढून टाका, कवळी बसवून घ्या."

मी मान खाली घातली. बाबा मात्र उठून उभे राहिले. "काढायचा नाय," ते म्हणाले. डॉक्टरांशी एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. डॉक्टरांनी खांदे उडवले आणि स्टेशनजवळ दातांच्या एक नव्या डॉक्टरीणबाई आल्या आहेत, त्यांना दाखवा म्हणाले. वाडी सोडून सहसा कुठे न जाणारे बाबा दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर एस.टी.त बसले.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान होत्या. त्यांनी बर्फासारखा गार कापूस एकेका दाताला लावला. शेजारच्या दातांना लावला तेव्हा मी दचकलो. या दाताला काहीच कळलं नाही. मग त्यांनी एक्स-रे काढला आणि टपालाच्या तिकिटाएवढी ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. मुळाच्या टोकाशी मसुरीच्या दाण्याएवढा काळा डाग होता.

"दुखायचं कधी थांबलं?" त्यांनी विचारलं.

"ईस्टरच्या आधी. प्रार्थनेने," मी सुजलेल्या ओठांनी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दाताच्या आत नस असते. मार लागला की ती सुजते, पण आत फुगायला जागा नसते, म्हणून एवढा ठणका. मग ती मरते. मेली की दुखायचं थांबतं आणि माणसाला वाटतं, बरा झाला. पण मेलेली नस आतच कुजते आणि ती घाण मुळाच्या टोकातून हाडात उतरते."

लाल-पिवळे खडू आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग काढायचा?"

"कशाला? दात हाडात पक्का आहे. मागच्या बाजूने छोटं भोक पाडून बारीक सुयांनी आतलं सगळं काढायचं, नळी साफ करायची, औषध ठेवायचं. आत स्वच्छ झालं की भरून बंद करायचं. चार-पाच खेपा घालाव्या लागतील. रंग थोडा काळा राहील, पण दात तुमचाच राहील. वाजवताही येईल."

मी डोळे मिटून घेतले. इतका हलका मी कित्येक आठवड्यांत झालो नव्हतो. तेवढ्यात खुर्चीमागून बाबांचा आवाज आला.

"मंग माजंपन असंच थांबलेलं."

ते टोपी हातात धरून उभे होते. रहाटाचा दांडा तोंडावर बसला होता, त्यांनी सांगितलं. उपवासकाळ होता, दुखणं देवाला दिलं. थांबलं, म्हणून त्याचे आभार मानले. मग ओठ सुजला आणि बाजारातल्या दातवाल्याने दोन्ही दात उपटले. "आत साफ करता येतं, हे कोनी बोललंच नाय," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "माजे वाचले असते?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "त्या वेळी इथे हे कोणी करत नव्हतं, काका."

"ते नाय विचारलं मी. वाचले असते काय?"

"बहुतेक वाचले असते," त्या हळूच म्हणाल्या.

बाबांनी मान हलवली आणि ते स्टुलावर बसले. मला त्या बाईंचा राग आला, मग माझा आला, आणि मग फक्त रडू आलं. भोक पाडायचं यंत्र सुरू झालं होतं, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी दुखण्याचंच आहे असं बाईंना वाटलं असावं. दुखत काहीच नव्हतं.

त्यानंतरच्या प्रत्येक खेपेला बाबा बरोबर आले आणि त्याच स्टुलावर बसून सगळं बघत राहिले. शेवटच्या खेपेला दात भरून बंद झाला. घरी येऊन मी ओट्यावर कॉर्नेट काढलं आणि भीतभीत एक सूर लावला. लागला. बाबा म्हणाले, "दे बघू."

त्यांनी कवळी काढून खिशात ठेवली, कॉर्नेट ओठांना लावलं, गाल ताणले. नुसता वारा आला. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं. पुन्हा वाराच.

मी विचारलं, "बाबा, तेव्हा लय वाईट वाटलेलं?"

"लय," ते म्हणाले.

त्यांनी सदऱ्याच्या टोकाने कॉर्नेटचं तोंड पुसलं आणि ते माझ्या हातात दिलं. त्यांनीच शिकवलेली वरातीची चाल मी वाजवायला घेतली. या वेळी ते वाडीत निघून गेले नाहीत. समोर बसून राहिले, बोटं मांडीवर ठेवून.