बकरीनं पास केलेली चिक्की

"आधी बकरीला दाखवा, मग मला." आमच्या शेजारच्या चिक्कीवाल्या चाचांपुढे कुणी पुडीसाठी नवा कागद ठेवला की ते हेच म्हणायचे. अहमदपूरच्या बाजारात तुम्ही कधी आला असाल, तर ते तुम्ही पाहिलेच असतील. गल्ल्यावर चाचा आणि त्यांच्या बाजूला स्टुलावर बकरी.

माझं छपाईचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून. चिक्कीच्या प्लास्टिक पुड्यांवर त्यांचं नाव मीच छापायचो. त्यांची आधीची बकरी पोट फुगून मेली. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, तर आत प्लास्टिकचा गोळा आणि त्यावर चाचांचं नाव, ठळक लाल अक्षरात. शाई जराही उतरली नव्हती. एरवी मी ती छपाई चार लोकांना दाखवली असती. त्या दिवशी मला मान वर करवेना.

"तिच्या पोटात माझं नाव निघालं, भाऊ," चाचा म्हणाले. त्यानंतर दुकानात प्लास्टिक आलं नाही.

मग प्रयोग सुरू झाले. चिक्की जुन्या वर्तमानपत्रात बांधली, तर शाई तिच्यावर उतरली. एक तुकडा आरशापुढे धरला, तर कुणाच्या तरी निधनाची बातमी स्वच्छ वाचता आली. पळसाची पानं वाळून तुटली. शेवटी मक्याच्या कणसाची सालं जमली. ती भिजवायची, इस्त्री करायची आणि सालाच्याच दोरीनं पुडी बांधायची. घरदार इस्त्रीला बसलं. चाचांचा सदरा मात्र चुरगळलेलाच.

नवी बकरी तपासनीस. तिनं खाल्लं तर माल पास.

माणसांना आवडतंय का तेही बघा, असं मी एकदा सुचवलं.

"माणूस टाकून देतो. खावं बकरीला लागतं."

लातूरच्या एका व्यापाऱ्यानं क्लासच्या पोरांसाठी मोठी ऑर्डर दिली. ती टिकली असती तर सालाच्या पुडीचा धंदा कायमचा उभा राहिला असता. टोपल्या एसटीनं गेल्या, स्टँडवर उतरल्या, आणि हमाल चहाला गेला. संध्याकाळी व्यापाऱ्याचा फोन. तुमचा माल बकऱ्यांनी खाल्ला, म्हणून तो तणतणत होता.

"सालासकट खाल्ला का?" चाचांनी विचारलं.

"हाव, सालासकट."

"मग बकऱ्या कशा हायत आता?"

व्यापाऱ्यानं फोन ठेवला आणि ऑर्डरही काढून घेतली. मी कपाळाला हात लावला. चाचांनी गल्लीभर चिक्की वाटली.

चाचा जाऊन वर्ष होत आलं. मला अजून करमत नाही. परवा त्यांचा मुलगा आला. सालं परवडत नाहीत, पुन्हा प्लास्टिकच करायचं, अब्बांचं नाव तसंच लाल अक्षरात छापून द्या, म्हणाला. त्याचंही चुकलं नाही, धंदा आहे. मी त्याला सांगितलं, मशीन बिघडलंय.

आत मशीन धडाधडा लग्नपत्रिका छापत होतं. तो त्या आवाजाकडे कान देऊन क्षणभर उभा राहिला.

"दुरुस्तीची घाई करू नका, काका," म्हणाला आणि गेला.