आधी आभार, मंग आहार

पोटात कावळे ओरडत असावेत, पातेल्यातल्या भाजीचा वास घरभर सुटलेला असावा, आणि नेमका तेव्हाच एक हात झाकणावर येऊन बसावा. आमच्या शेजारच्या काकूंचा हात. "थांबा वो. आधी आभार, मंग आहार." मग काकू डोळे मिटायच्या आणि प्रभू येशूशी सावकाश बोलायच्या. नळाला पाणी आलं इथपासून धाकट्याचा खोकला गेला इथपर्यंत सगळं सांगून झालं की 'आमेन'. तोवर वांग्याची भाजी थंड झालेली असे.

तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल, जिच्यात खोट काढायला जावं आणि हात हलवत परत यावं. मला अशी बाई सहन होत नाही. मी बुलढाण्याहून देऊळघाटच्या शाळेत शिकवायला जायची, जाताना एसटी, येताना एसटी, आणि मधल्या वेळात माझी मधुरा काकूंच्या स्वयंपाकघरात वाढली. दुसरी कोणी असती तर मी तिचे पाय धरले असते. काकूंचे उपकार मात्र मला टोचायचे. संध्याकाळी मी दारात उभी राहिले की पोरगी त्यांच्या पदराआड लपायची. "जाय वो माय, आई थकून आली तुही," म्हणत काकूच तिला माझ्याकडे ढकलायच्या. पोटची पोर मला शेजारणीनं समजूत घालून द्यावी! अंगाचा तिळपापड व्हायचा.

मधुरा शाळेत जायच्याही आधीची गोष्ट. आमच्या घरी ताट वाढलं, तर तिनं डोळे मिटले आणि ओठ हलवले. मी बघतच राहिले. भाकरी मी थापायची, घाम मी गाळायचा, आणि आभार दुसऱ्याचे! दुसऱ्या दिवशी काकूंना दारातच गाठलं. "काकू, काय शिकवून राह्यल्या तुम्ही पोरीले?"

"काई नाही वो मॅडम. खायाच्या आधी जराकसं थांबाले शिकवलं."

एवढंच. भांडायलाही त्या जागा ठेवत नसत.

करंज्यांचं दुःख वेगळंच. दिवाळीला माझ्या करंज्या तेलात पडल्या की तोंड उघडून सारण ओकायच्या. नाताळला काकूंचं ताट यायचं, त्यातली एकही फुटलेली नाही. आमचे हे पेपर बाजूला ठेवून खायचे आणि वर म्हणायचे, "अशी जमली पाहिजे." एकदा मी लाज सोडून कृती विचारली. काकू म्हणाल्या, "भरताना बोलत नाही मी." आता हा टोमणा होता की खरंच कृती, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. नंतरच्या दिवाळीला मी तोंड शिवून करंज्या भरल्या. त्याही फुटल्या.

रविवारी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून, छातीशी बायबल धरून त्या चर्चला निघाल्या की रिक्षावालेसुद्धा वाट द्यायचे. गल्लीत कोणाचं ऑपरेशन असलं की हिंदू म्हणू नका, मुसलमान म्हणू नका, प्रार्थनेसाठी निरोप काकूंना. सोळा सोमवार करणारी मी, पण लेकीला ताप चढला की ती म्हणायची, "काकूंना बोलाव." त्या यायच्या, कपाळावर हात ठेवून पुटपुटायच्या. पोरगी झोपायची, आणि मी पाण्याची पट्टी हातात घेऊन उभी. माझ्या देवाची काही चूक नव्हती, पण त्या घडीला मला त्याचाही राग यायचा.

मधुरा नोकरीला पुण्याला गेली. माझा गुडघा धरला तेव्हा तिनं तिकडून औषध पाठवलं. काकूंनी अंथरूण धरलं तेव्हा मात्र ती स्वतः आली, सुट्टी टाकून, रात्रभर बसच्या प्रवासात अंग आखडून घेत. त्यांना चमच्यानं पेज पाजत होती. त्या अवस्थेतही काकूंनी तिचा हात अडवला, आधी डोळे मिटले. मी दारातून पाहत होते. मरणाच्या दारातल्या बाईचा हेवा करणारी मीच असेन.

त्याच आठवड्यात काकू गेल्या. माती देऊन आम्ही घरी आलो. संध्याकाळी पिठलं-भाकरी केली, ताटं वाढली. मधुरानं डोळे मिटले, ओठ हलवले. इतक्या वर्षांचं माझ्या तोंडून बाहेर पडलंच. "आता तरी माझ्या घरात त्यांच्या देवाचे आभार नको मानू."

तिनं डोळे उघडले. "त्यांच्या देवाचे काऊन? मी लहानपणी विचारलं होतं काकूंना, कोणाचं नाव घेऊ म्हणून. त्या म्हणे, तुले जेवाले कोण देते? म्या म्हटलं, आई. तर म्हणे, मंग आईचंच घे. तेव्हापासून तुझंच घेते."

इतकी वर्षं मी जळले कशावर, तर माझ्याच नावावर. तेही त्या बाईनं माझ्या लेकीच्या तोंडी घातलेलं, आणि मला कधी सांगितलंसुद्धा नाही. सांगितलं असतं तर निदान मोठेपणा मिरवते म्हणून नावं तरी ठेवता आली असती.

मधुरा पुण्याला परत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ताट वाढायला घेतलं आणि हात आपसूक झाकणावर गेला. देणाऱ्याचं नाव घ्यायचं होतं. लेक आठवली, रोज संध्याकाळी तिला माझ्याकडे ढकलणारा हात आठवला, आणि काकूंचं नाव तोंडात आलं. माझ्या घरात, माझ्या भाकरीवर, इथंही त्याच पुढे! घेतलं. परत घेतलं. भाजी पार थंड झाली.