पंचविसावी खुर्ची

"आजारी पड म्हटलं, मर नाही म्हटलं!" गेबहार्टने काटा ताटात आपटला. "ताप आलाय म्हणून कळव. राखीव सभासद असतो कशाला मग? एगॉन जाईल, तुझ्या जागी बसेल, काय ते मत देईल. आपण कशात नाही."

"एगॉन काय मत देईल ते तुलाही माहीत आहे," इर्मगार्ड नवऱ्याला म्हणाली.

"मला एवढंच कळतं की ते मत तुझं नसेल."

टेबलाच्या टोकाला सासूबाई क्रेसेन्झ चीजने माखलेल्या पिठाच्या गोळ्यांवरचा तळलेला कांदा निगुतीने बाजूला काढत होत्या. "म्हणजे माझा भत्ता हिच्या तापाने जाणार," त्या म्हणाल्या. "बरं झालं आधी कळलं. मी हिला काढा करून दिला असता."

घरातल्या म्हाताऱ्या माणसांची देखभाल करण्यासाठी मिळणारा भत्ता कमी करायचा, असा कायदा उद्या राजधानीत, वाडुझला संसदेपुढे मताला येणार होता. इर्मगार्डच्याच पक्षाने तो आणला होता. सभासद सगळे मिळून पंचवीस. बारा इकडे, बारा तिकडे, हे अख्ख्या लिख्टनश्टाइनला पाठ झालं होतं. उरली इर्मगार्ड. त्या भत्त्यातूनच रोज सकाळी एक बाई येऊन क्रेसेन्झना अंघोळ घालून, कपडे बदलून जाई. तेव्हा कुठे इर्मगार्डला सलूनचं दार उघडता येई.

राजकारण तिच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. शाळा संपल्यावर सीमेपलीकडे फेल्डकिर्खला जाऊन ती केस कापायला शिकली, लग्न करून या गावात आली आणि घराच्या पुढच्या खोलीत तिने सलून थाटलं. गावात कोणाचं कोणाशी वाजलंय हे तिला बरोबर ठाऊक असे. वेळा ती अशा बेताने देई, की न बोलणारी दोन माणसं एकाच आरशात समोरासमोर येऊ नयेत. स्वतः मात्र तिने कधी कोणाशी वाकडं घेतलं नाही.

तेच तिला भोवलं. पक्षाचं गावातलं काम बघणारा हिल्मार एक दिवस केक खाता खाता म्हणाला, "यादीत एक बाई कमी पडतेय. नुसतं नाव दे गं. निवडून कोण येतंय!" चर्चच्या जत्रेला केक द्यावा तसं तिने नाव दिलं. पण इथे मतदार पक्षाच्या यादीतली नावं खोडतात, हवी ती दुसरी लिहितात, अगदी दुसऱ्या पक्षाचीसुद्धा. यादीतल्या प्रत्येकावर कोणाचा ना कोणाचा राग होता. इर्मगार्डवर कोणाचाच नव्हता. जन्मभर पक्षासाठी राबलेला एगॉन तिच्या मागे पडला आणि राखीव झाला. निकाल लागला तेव्हा ती एका बाईच्या केसांना रंग लावत होती. बाई म्हणाली, "अभिनंदन! आता आमच्या रस्त्याचं तेवढं बघ."

महिन्यातले थोडे दिवस वाडुझ, बाकी सगळे सलून. पूर्वी गिऱ्हाइकं सुनांबद्दल बोलत, आता कायद्यांबद्दल बोलू लागली. डोकं तिच्या हातात आणि तोंड मोकळं. गिऱ्हाइकाला नको झालं की ते उठून जातं. कात्री धरणारीने कुठे जायचं?

काल हिल्मारच आला होता.

"कान जरा मोकळे कर."

"आत्ता तर कापले होते."

"वाढतात गं भराभर." मग आरशातून तिच्याकडे बघत तो म्हणाला, "पक्षाच्या बैठकीत तू गप्प होतीस. गप्प म्हणजे हो, असं आम्ही धरलंय." तिने कात्री दुसऱ्या कानाकडे नेली. "आणि गेबहार्टला सांग, माझ्या गोदामाच्या छपराचं गुरुवारी बोलू. परवाचं मतदान होऊन जाऊ दे."

गेबहार्टचा धंदा छपरांचा. हिल्मारच्या गोदामावर त्याचं वर्ष निघणार होतं.

रात्रभर तिने सगळ्या वाटा धुंडाळल्या. आजारी पडावं, तर एगॉन. राजीनामा द्यावा, तर कायमचाच एगॉन. होकार द्यावा, तर रोज सासूच्या समोर बसून जेवायचं. नकार द्यावा, तर नवऱ्याच्या समोर.

"मग उठून बाहेर जा," गेबहार्टला आता नवं सुचलं. "आपल्या घरात तो भत्ता येतो. स्वतःच्या घरचा विषय असला की सभागृहातून उठायचं असतं ना?"

"म्हातारं माणूस घरात आहे म्हणून उठायचं, तर अध्यक्षसुद्धा उरणार नाहीत आत."

"सगळं चेष्टेवारी ने तू! छप्पर गेलं तर माझ्या कामावरच्या पोरांचे पगार तुझे ते अध्यक्ष देणार आहेत?"

क्रेसेन्झनी काटा खाली ठेवला. "मला मताचा हक्क मिळाला तेव्हा माझे केस पिकले होते," त्या म्हणाल्या. "त्याआधी दोनदा पुरुषांनी आपापसात मतं घेतली, बायकांना हक्क द्यायचा का म्हणून. दोन्ही वेळा तुझा बाप नाही म्हणून आला, गेबहार्ट, आणि वर माझ्याच हातचं जेवला."

"आई, तुम्हाला तुमचा भत्ता हवाय, एवढंच ना?" इर्मगार्ड म्हणाली.

"हवाच आहे! मी काय साध्वी आहे? पण हे ताप येण्याचं नाटक नको. मत द्यायचं नव्हतं तर जागा अडवून कशाला बसलीस?"

"मी नाही बसले. मला बसवलं."

"मग ऊठ!" गेबहार्ट ओरडला.

"उठले की एगॉन बसतो! किती वेळा सांगू?"

इर्मगार्डने तिघांची ताटं एकावर एक रचली. गेबहार्टचं जेवण अर्धं राहिलं होतं. त्याने हात पुढे केला, पण ताट गेलं होतं. पुढच्या खोलीत दाराची घंटी वाजली. दुपारचं पहिलं गिऱ्हाईक आलं होतं, आणि ते कशाबद्दल बोलणार हेही तिला माहीत होतं.

ॲप्रन बांधत ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"उद्या मी वाडुझला जाणार आणि विरोधात मत देणार," ती म्हणाली. "राजीनामा देणार नाही. मुदत संपेपर्यंत हे असंच चालेल. गेबहार्ट, तू दुसरं छप्पर शोध."