घाणेरीचा भारा

काकूंच्या गायीला कंपनीने नासवलेल्या पाण्याने कावीळ झाली, असं आमच्या पाम गावच्या आळीत अजून बोलतात. ती कावीळ मी कुंपणावरून फेकली होती.

वैशाखात वाडीचं कुंपण साफ केलं. घाणेरी माजली होती, तिच्यात थोडं गवतही होतं. भारा खड्ड्यापर्यंत वाहून न्यायचा कंटाळा आला, म्हणून शेजारच्या काकूंच्या गोठ्यात टाकला. गवत गाय खाईल, बाकीचं पडून राहील. वर उपकार केल्यासारखं वाटलं! गाय नुकतीच दातिवऱ्याहून आणलेली, दिवसभर दाव्याला, पोट खपाटीला. ती काय निवडत बसणार? सगळंच खाल्लं तिने.

तीन दिवसांत तिने चारा सोडला. डोळे हळदीसारखे झाले, नाकाडाची पांढरी कातडी उन्हात तडकून सोलायला लागली. आळी जमली.

"पाणीच! दुसरं काय?"

"कंपनीवर अर्ज करू. भाऊ, तुजं अक्षर चांगलं, तूच लिव."

आणि मी लिहिला. चांगला दीड पान. 'मुक्या जनावरांच्या जिवाशी खेळ' वगैरे. आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

जनावरांचे डॉक्टर आले तेव्हा मी सह्या गोळा करत होतो. त्यांनी गायीच्या डोळ्याची पापणी ओढून पाहिली. "लिव्हर बिघडलंय, म्हणून ऊन सोसत नाही. घाणेरी खाल्ली का?"

"घाणेरी कुठनं खाणार? ती दाव्यालाच असते," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काय रे, खरं ना?"

मी म्हणालो, "काकू, इथे सही करा."

डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले. मी दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी त्यांना फोन केला आणि सांगितलं.

"परवा तोंड शिवलं होतं का तुमचं?" ते ओरडले. "पाला पोटात पडून राहतो, विष सोडत राहतो. तेव्हाच ते शोषायला कोळशाची पूड पाजली असती!"

ते लगेच आले. नळीने कोळशाचं पाणी पाजलं. गायीचं डोकं मी धरलं होतं, आणि तसंच धरून काकूंना भाऱ्याचं सांगितलं. काकूंनी गायीचं डोकं माझ्या हातातून काढून घेतलं. बोलली ती आळी.

"आता बोंबलायची काय गरज होती? पाणी खराब येतंच ना? अर्ज फुकट घालवलास!"

गायीचं कुणी विचारेना. चिडायचं तरी कुणावर? न विचारणाऱ्यांत पहिला नंबर माझाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाय गेली. तिला पुरून आलो, तर मंडळी माझ्या ओट्यावर हजर. आता गाय मेलीय, अर्जाला वजन येईल, पुन्हा लिही म्हणाले.

काकू गोठा झाडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"त्याला नका सांगू रे," त्या म्हणाल्या. "तो कायपण लिवतो."