पैलवानाचं रक्त आणि मास्तरीणबाईंची गुपितं

आमच्या सलूनवाल्याचं तोंड आणि कात्री एकदमच चालतात. एक थांबलं की दुसरं अडलंच म्हणून समजा. त्याचा कुत्रा पैलवान, अडतीस किलोंचा ऐवज, दिवसभर खुर्चीखाली पडून त्याच्या गप्पा ऐकत असतो. मालक गप्प झाला की मात्र ताडकन उठून बसतो.

एकदा मास्तरीणबाईंच्या छकुलीला गोचीडताप आला. मूठभर कुत्री ती, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आज रक्त मिळालं तरच वाचेल. मोठा, धट्टाकट्टा कुत्रा आणा.”

बाई तडक सलूनमध्ये आल्या. खुर्चीत मीच होतो, अर्धी दाढी झालेला. गालावर फेस तसाच घेऊन मीही निघालो. पैलवानाला टेबलावर चढवायला एक टांग मी धरली होती, खोटं कशाला सांगू!

मानेवरचे केस कापून सुई लावली, तर पैलवान वळवळायला लागला. “हलू देऊ नका!” डॉक्टरीणबाई ओरडल्या. सलूनवाला त्याच्या कानाशी लागला, “अरे, ऐकलंस का? शिंप्याचा जावई सासरीच मुक्काम ठोकून बसलाय...” पैलवान लोण्यासारखा विरघळला. पिशवीत रक्त उतरू लागलं.

पण पाच मिनिटांत सगळ्या बातम्या संपल्या. हा थांबला, कुत्र्यानं मान उचलली.

“बोल ना रे मेल्या!” मास्तरीणबाई कळवळल्या.

“काय बोलू, बाई? आता फक्त तुमचंच उरलंय!”

“माझं तर माझं! बोल!”

डोळे मिटून तो सुटला. बाईंचे केस अजून काळेभोर कसे, गुडघ्याच्या मलमाच्या डबीतून कलप कोण पोचवतं, निरोप समारंभात रडू येईना म्हणून बाईंच्या रुमालाला कांदा कोणी चोळला...

“कांदा नव्हे, बाम होता!” बाई फणकारल्या. “सांगायचं तर नीट सांग. पुढे?”

पुढचं मी इथं लिहीत नाही. शेवटी डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, “अहो, पिशवी केव्हाच भरली. सुईही काढली मी. पण इतकं रंगलं होतं, म्हटलं कशाला मोडा?”

संध्याकाळी छकुलीच्या हिरड्यांवर गुलाबी झाक आली, आणि ती पहिल्यांदा भुंकली ती माझ्या अर्ध्या दाढीवर. दुसऱ्या दिवसापासून पैलवानाला रोज दोन उकडलेली अंडी येऊ लागली. सलूनवाल्याशी मात्र बाई चार महिने बोलल्या नाहीत. अंडी सोलायची तेवढी त्यानंच.