पूर्वेकडची बाजू

बापूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुंभिवलीजवळच्या आमच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी उभा होतो. त्याच्या मुलीचा आवाज होता, "काका, बाबा गेले... झोपेतच." मी "येतो" म्हणालो, फोन ठेवला आणि खुर्चीत बसलो. त्या वेळी मनात पहिला विचार काय आला, तो आज सहा आठवड्यांनी जसाच्या तसा लिहितो. 'आता ते फक्त मलाच माहीत.' दुःख त्यानंतर आलं. आधी आली ती सुटका, आणि ती चांगली मिनिटभर टिकली.

बापूदादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. कडावसारख्या भातशेतीच्या गावातला हा माणूस बावीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत तेल घालत फिरला, हे आमच्याकडे नवलच होतं. परत आल्यावर त्यानं चार गुंठे भाजी आणि दोन खंडी भात यात मन रमवलं. पण मे महिना लागला की त्याचं लक्ष आभाळाकडे आणि रेडिओकडे. ओट्यावर बसून तो वादळ समजावून सांगायचा, ते मी पुढे पुष्कळ वाचलं तरी तितकं नीट कुठेच वाचलं नाही. समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापलं, आणि तेही नुसतं वरवर नाही तर चांगलं खोलवर, की वाफ उठते. वाफ वर जाऊन निवते, तिचं पाणी होतं, तसं होताना ती पोटातली उष्णता सोडते, त्यानं हवा आणखी वर चढते, आणि रिकाम्या जागी चहूकडून वारा धावतो. पृथ्वी फिरते म्हणून तो वारा सरळ आत न शिरता गरगरतो; आपल्या अर्ध्या गोलात घड्याळाच्या उलट. "वाफ ह्ये त्याचं डिझेल," दादा म्हणायचा. "दर्यावर हाय तवर टाकी भरलेली."

मी मोजणारा माणूस. जे मोजता येत नाही त्यावर सही करायची नाही, ही सवय नोकरीनं लावली आणि घरातही तीच. दादा त्यावरून मला छळायचा. "इलासा, तुज्या कारखान्यात वारा बी फुटपट्टीनं मोजत्यात काय रं?" मी हसायचो, पण आतून वाटायचं, हा बोलतो छान, पण आकडा कुठे आहे?

लॉकडाऊनच्या त्या पहिल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला वादळ रायगडच्या किनाऱ्याकडे यायला लागलं. कारखाना बंद, मी घरी. सकाळी दादाकडे गेलो तर तो काठी भिंतीला टेकवून अंगणात उभा. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते आणि काठीशिवाय त्याला दहा पावलंही जमत नव्हती. वारा अगदी मंद होता, पण होता तो घाटाकडून, पूर्वेकडून. दादानं वाऱ्याकडे पाठ केली, डावा हात पसरला आणि जरा पुढे नेला. हात बरोबर नैऋत्येला, मुरुडच्या अंगाला गेला. "तिकडं बसलंय बग," तो म्हणाला. "आनि सरळ आपल्याकडं येतंय. म्हंजे पयला मार डोंगराकडून बसनार. मागनं फिरंल त्ये पश्चिमेला."

आमच्या गावात पावसाळ्याची तयारी म्हणजे पश्चिमेची तयारी. पाऊस तिकडूनच झोडपतो. म्हणून मृगाच्या आधी घराची, गोठ्याची पश्चिम बाजू विणलेल्या झावळ्यांच्या झापांनी, आता ताडपत्रीनं, घट्ट बांधून घ्यायची. पूर्वेला दार, वर हवेला मोकळी जागा. आमच्या बापजाद्यांपैकी कुणी पूर्वेची बाजू बांधली असेल असं मला वाटत नाही.

शेवंताकाकीचा गोठा शेताच्या कडेला, आडोसा नसलेला. काकी आमच्या भावकीतली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा शेलूला फ्लॅट घेऊन राहणारा. तिच्याकडे फोन नव्हता. होत्या त्या दोन म्हशी, त्यातली एक गाभण, आणि त्यांच्या दुधावर तिचं घर. दादा म्हणाला, "मला तितवर जाववत नाय. तू जा. काकीला सांग, बापूनं सांगितलंय, पूर्वेचं दार फळ्या मारून बंद कर, पत्रे त्या बाजूनं दोरानं मेढीच्या खांबाला आवळ, आनि म्हशी सोडून घराच्या पडवीत आन. पश्चिमेचं मंग बगू."

मी म्हणालो, "दादा, समुद्र आपल्यापासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या पुढे आहे. जमिनीवर आलं की डिझेल तुटतं, हे तूच सांगतोस. इथं येईतो जोर अर्ध्यावर येईल. मी काल गणित केलंय."

"डिझेल तुटतं रं. पन इंजिन बंद केलं म्हनून जड चाक लगीच थांबतं का? फिरतच ऱ्हातं. तू जा."

मी गेलो. त्या वाटेवर, सात-आठ मिनिटांच्या चालीत, मी जे केलं ते लिहिण्यासाठी हा लेख आहे. मला वाटलं, एकट्या बाईला उगाच घाबरवायचं कशाला? वाऱ्याचा मार पूर्वेकडून बसतो असं कधी पाहिलंय कुणी? मी निरोप बदलला. काकीला म्हणालो, "बापूदादानं सांगितलंय, पश्चिमेची ताडपत्री दुहेरी करून घट्ट बांधा, एवढं पुरे. म्हशी हलवायची गरज नाही." सांगणं माझं होतं, नाव त्याचं दिलं. कारण वादळाच्या बाबतीत काकी माझं ऐकणार नाही, त्याचं ऐकेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. ताडपत्री बांधायला मी स्वतः हात लावला. गाठी मोजून घातल्या, चौदा.

दुपारी वारा डोंगरावरून उतरला. उघड्या पूर्वेतून गोठ्यात शिरला, आणि पश्चिम आम्ही डब्याला झाकण लावल्यासारखी बंद केलेली, म्हणून त्याला बाहेर पडायला वाट उरली नाही. त्यानं छप्पर उचललं. आडवा वासा खाली आला तो गाभण म्हशीच्या पाठीवर. दोनेक तासांनी वारा फिरून पश्चिमेला आला, तेव्हा पाडायला काही शिल्लक नव्हतं. ताडपत्री मात्र जागच्या जागी होती. चौदाही गाठी शाबूत.

दुसऱ्या दिवशी पत्रे गोळा करायला आम्ही जमलो. दादाला मोटरसायकलवर बसवून आणलं होतं. काकी रडत नव्हती. मेलेल्या म्हशीच्या दाव्याशी बसून ती म्हणाली, "बापू, तुजा निरोप आला तसंच केलं रं मी. पश्चिम बांदली. म्हशी हलवू नको म्हनालास, नाय हलवल्या. मंग ह्ये कसं झालं?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी पत्र्याचं एक टोक धरून उभा होतो आणि ते धरून ठेवणं त्या वेळी मला फार गरजेचं वाटलं. तो रागानं पाहत नव्हता. एखादा आकडा चुकीचा आहे हे कळल्यावर माणूस कागदाकडे बघतो, तसं पाहिलं... मग काकीला म्हणाला, "चुकलं माजं, काकी. दिशा चुकली."

तेव्हापासून गावात तो विनोद झाला. "बापूनं सगळं जग बगितलं, फकस्त पूर्व कुटं हाय त्ये बगायचं ऱ्हायलं!" तो समोर असला तरी लोक म्हणायचे. तोही हसायचा. ओट्यावरचं वादळाचं बोलणं मात्र बंद झालं. कुणी विचारलं तर, "त्या मोबाईलला इचार, मला नाय कळत," म्हणायचा. दिवाळीत एकदा मी धीर केला. "दादा, त्या दिवशी मी..." तो वालाच्या शेंगा सोलत होता. म्हणाला, "गनित बरोबर होतं रं तुजं. चाक इसरलास."

"काकीला सांगू का?"

"तुला सांगायचं असंल तवा सांग. मी नाय सांगनार."

मी सांगितलं नाही. आज नको, उद्या सांगू असं करत पाच पावसाळे गेले. तेराव्याला जेवणाच्या पंगतीत तोच विनोद पुन्हा झाला, जरा हळू आवाजात, आणि मी खाली बघून भात कालवत राहिलो. घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

गेल्या रविवारी काकीकडे गेलो. ती गोठ्यात होती. गोठा नवा, पण जागा तीच. उभ्याउभ्याच सांगून टाकलं, निरोप काय होता आणि मी काय पोचवला. ती शेण भरता भरता थांबली. हात तसेच. मग मला गोठ्याच्या मागल्या अंगाला, पूर्वेकडे घेऊन गेली. तिथं पत्र्याच्या कडेपासून मेढीपर्यंत जाड नायलॉनचे सहा दोर आवळलेले होते. प्रत्येकाच्या बुडाशी एक चपटी, घोटीव गाठ. आमच्याकडे कुणी तसली गाठ घालत नाही.

"दर वर्साला मिरगाच्या आदी यायचा," काकी म्हणाली. "काठी टेकत. मी कदी बोलावला नाय. गपचूप बांदायचा नि जायचा."

मी गाठ ओढून पाहिली. हलली नाही.

"पाच वर्सं आला रं त्यो," काकी म्हणाली. "नि मी त्याला एकदा बी चा इचारला नाय."

या पाच वर्षांत काकीकडे मी स्वतः किती वेळा चहा प्यालो, ते घरी येऊन आठवून आठवून मोजलं. सव्वीस वेळा नक्की. एक-दोन सुटल्या असतील.