फाळक्याला कडी नव्हती

कागदावर लिहिलं होतं, ‘माझी कोणाविरुद्धही काहीही तक्रार नाही.’ खाली माझं नाव टाइप केलेलं, त्याच्यावर सहीपुरती जागा सोडलेली, आणि पेन माझ्या हातात आधीच दिलेलं.

ओरोसच्या इस्पितळातला तो माझा तिसरा दिवस होता. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आत पट्टी आणि स्क्रू बसवले होते. कागद घेऊन आला होता तो खुद्द ट्रकचा मालक. आमच्या शेजारच्या वाडीतला. लग्नकार्यात एका पंगतीला बसणारी माणसं आम्ही. येताना त्याने चार शहाळी आणली होती, ती माझ्या यजमानांच्या पायाशी ठेवली आणि मला म्हणाला, “वयनी, पोलिसांची कटकट कित्याक? हंयसर सही करा. इस्पितळाचा काय असात ता मी बघतंय.”

“माजो चष्मो खंय आसा?” मी यजमानांना विचारलं.

“वाचूसारख्या काय नाय त्यात,” मालक म्हणाला.

चष्मा लावून मी तो कागद दोनदा वाचला. त्यात लिहिलं होतं की मी रस्त्याच्या मधून चालत होते, तोल जाऊन पडले, आणि ट्रकचालकाचा काहीही दोष नाही. मी पेन कागदावर ठेवलं आणि दोन्ही त्याच्या हातात परत दिली.

“मी सही करूचंय नाय.”

तो हसला. त्याला वाटलं असावं, दुखण्यात बाई चिडली आहे, दोन दिवसांनी येऊ. दोन दिवसांनी तो आलाही. तेव्हाही मी केली नाही.

घडलं होतं ते एवढंच. कट्टा गावाच्या बाजारात एका दुकानात मी रातांब्याची सोलं, म्हणजे आमसुलं, विकायला दिली आणि घरी परतायला स्टॉपवर येऊन उभी राहिले. आमचं गाव धामापूरच्या वाटेवर, गाडी तासाने एक. शेडमध्ये कोणी दोन मोटारसायकली आणून लावल्या होत्या, म्हणून मी बाहेर, रस्त्याच्या कडेच्या मातीत उभी होते. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक वळणावर आला आणि त्याचा मागचा फाळका धाडकन खाली पडला. चिरा म्हणजे काय ते आमच्याकडे पोरालाही कळतं. धडधाकट गड्याला तो दोन्ही हातांनी उचलावा लागतो. एक डांबरावर पडून फुटला. दुसरा माझ्या गुडघ्यावर आला.

मी बेशुद्ध पडले नाही. पडले असते तर बरं झालं असतं असं पुष्कळांना वाटलं असेल. ड्रायव्हर उतरून मागे आला, फाळक्याकडे बघत त्याने मान हलवली, आणि तो बोलला ते मी खाली मातीत पडून ऐकलं: “कडी कालच तुटली रे. सुतळेन बांधलेलंय.”

सुतळीने! हा एक शब्द माझ्या डोक्यातून पुढची चार वर्षं गेला नाही.

यजमान मुळातच कमी बोलणारे. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या पायाखाली उशी सरकवताना म्हणाले, “आमका गावात रवाचा आसा.”

“माका पण गावातच रवाचा आसा,” मी म्हटलं. “ह्या पायान.”

कुडाळच्या एका वकीलबाईंकडे आम्ही गेलो. माझ्या भाचीच्या वयाची मुलगी, मला काकी म्हणायची. तिने सगळं ऐकून घेतलं. दावा चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांवर होईल, ओरोसला चालेल, वेळ लागेल, असं समजावलं. मग अर्ज भरता भरता विचारलं, “काकी काय करतात?”

“घरीच असतात,” यजमान म्हणाले. ऑफिसात आलं की ते शुद्ध बोलतात.

तिने लिहिलं, ‘गृहिणी.’

मला काय झालं कोण जाणे. इस्पितळात रडले नव्हते, तिथे डोळे भरून आले. रागाने. मी म्हटलं, “खोडा ते. शेतकरी लिहा.”

“काकी, सातबाऱ्यावर तुमचं नाव नाही. ते विचारतील.”

“विचारू देत. लावणी कोण करतं तेही विचारू देत. काजू कोण गोळा करतं, बी कोण फोडतं, रातांबे कोण फोडतं, सोलं वाळत कोण घालतं, ती कट्ट्यापर्यंत डोक्यावरून कोण नेतं? ही सगळी कामं उकिडवं बसून नाहीतर कमरेत वाकून करायची. माझा गुडघा आता दुमडत नाही. घरीच असते म्हणून दुमडत नाही असं लिहिणार का तुम्ही?”

यजमान खाली बघत बसले होते. मग हळूच म्हणाले, “बरोबर आसा तिचा. लिवा.”

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. त्या चार शब्दांसाठी मी त्यांना बरंच काही माफ केलं.

त्यानंतर तारखा सुरू झाल्या. ओरोसला जायचं, बाकावर बसायचं, पुकारा व्हायची वाट बघायची, आणि पुढची तारीख घेऊन यायचं. कधी साहेब रजेवर, कधी कंपनीच्या वकिलांची तयारी नाही. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी वेगळ्या खेपा. एसटीची पायरी चढताना मला उजवा पाय हाताने उचलून ठेवावा लागे. कंडक्टर ओळखीचे झाले. एक जण तर विचारायचा, “आज तरी लागात मा निकाल?”

वाडीत माझं आणि मालकाच्या बायकोचं बोलणं थांबलं. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. मुंबईचा माझा भाऊ फोनवर म्हणायचा, आपण साधी माणसं, कोर्टाच्या पायऱ्या कशाला. मीही काही लोखंडाची नाही. पावसात बाकीच्या बायका आमच्याच भाताच्या कुणग्यात ओळीने वाकून लावणी करत होत्या आणि मी बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यांना चहा ओतत होते, तेव्हा वाटलं, मिळेल ते घ्यावं आणि संपवावं.

ती संधीही आली. लोकअदालतीत विमा कंपनीचा माणूस गोड बोलला. समोर खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि एक आकडा सांगितला. आकडा अगदीच वाईट नव्हता. यजमानांनी माझ्याकडे बघितलं; त्यांच्या नजरेत मला स्पष्ट दिसलं की त्यांना तो हवा आहे.

मी विचारलं, “या कागदावर चूक कोणाची ते लिहिलेलं असेल?”

“तडजोडीत चूक लिहीत नाहीत, बाई. दोन्ही बाजू समाधानी, एवढंच.”

“मी समाधानी नाही,” मी म्हटलं आणि उठले. उठायला मला वेळ लागतो. त्या वेळात ते सगळे माझ्याकडे बघत राहिले आणि मी मुद्दाम घाई केली नाही.

परतीच्या गाडीत यजमान वेगळ्या बाकावर जाऊन बसले. उतरताना मात्र हात द्यायला पुढे आले.

आमच्याकडे साक्षीदार एकच होती. स्टॉपच्या समोर रोज भाजीची टोपली घेऊन बसणारी म्हातारी. तांबडी भाजी, मुळा, मोसमात दोडकी. फाळका पडताना तिने बघितला होता आणि सुतळीचं वाक्यही ऐकलं होतं. ती जिथे बसते ती जागा मालकाच्या चुलत्याच्या दुकानासमोरची. त्यांनी तिला सांगितलं होतं, साक्षीला गेलीस तर टोपली दुसरीकडे मांड. मी तिच्याकडे गेले तेव्हा ती भाजीवर पाणी शिंपडत होती. मला वाटलं, नकोच म्हणणार ही.

“कधी जावचा?” तिने विचारलं.

“तुमका त्रास होतलो, काकी.”

“होवं दे. मी बघलंय ता सांगतलंय. नायतर बघलंय कित्याक?”

कोर्टात ती हिरवं लुगडं नेसून आली आणि आपल्या भाषेतच बोलली. कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली, साक्षीदाराने नीट मराठीत बोलावं. न्यायाधीश बाहेरच्या जिल्ह्यातले होते, पण ते म्हणाले, बोलू द्या, समजत नसेल तिथे मी विचारीन. आणि त्यांनी खरंच विचारलं, “फाळको म्हणजे?” म्हातारीने दोन्ही हात पुढे आडवे धरले आणि झटक्यात खाली सोडले. “असो पडता तो, सायबा. कडी नसली काय.” न्यायाधीशांनी लिहून घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिने आपली टोपली दोन दुकानं पलीकडे मांडली. कोणी उठवायच्या आधीच. तिची गिऱ्हाइकं तिथे चालत गेली.

माझी उलटतपासणी त्याआधी झाली होती. कंपनीचे वकील सौम्य आवाजात, हसतमुखाने विचारत होते. शेड असताना तुम्ही बाहेर का उभ्या होतात? शेडमध्ये मोटारसायकली होत्या, मी म्हटलं. मग रस्त्यापासून लांब का उभ्या राहिला नाहीत? म्हणजे थोडी चूक तुमचीही.

“साहेब,” मी म्हटलं, “स्टॉपवर नाही उभं राहायचं तर एसटी कुठे पकडायची?”

मागे कोणीतरी हसलं. वकिलांनी कागद उलटला.

“तुम्ही आज इथपर्यंत चालत आलात ना?”

“आले.”

“म्हणजे तुम्हाला चालता येतं.”

“येतं. पण भात चालत लावत नाहीत. वाकून लावतात. आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, मासे चालत कापत नाहीत. तुम्ही सांगाल तर मी इथे खाली बसून दाखवते. पण मग उठवायला दोन माणसं लागतील, ती तुमची द्या.”

ते न्यायाधीशांना “एवढंच” म्हणून खाली बसले. साक्षीच्या पिंजऱ्यातून मी कठडा धरून उतरले. बाहेर येऊन मी भिंतीला टेकले आणि वकीलबाईंना विचारलं, मी जास्त बोलले का? ती म्हणाली, काकी, तुम्ही काय ते नेमकं बोललात.

निकाल लागला तेव्हा पाऊस संपून भात पिवळं व्हायला लागलं होतं. मागितलं होतं त्याहून कमी मिळालं. माझ्या मेहनतीची किंमत त्यांनी धरली ती मजूर बाईच्या रोजावर धरली. मला ती कमी वाटली, अजूनही वाटते. कंपनी वरच्या कोर्टात जाणार अशी हूल उठली, ती गेली नाही, पैसे भरले. पण मला हवं होतं ते पानाच्या मधोमध होतं. अपघात सर्वस्वी ट्रकचालकाच्या आणि मालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला, अर्जदार महिलेचा कोणताही दोष नाही. वकीलबाईंनी वाचून दाखवलं. मी म्हटलं, परत वाच. तिने परत वाचलं. यजमानांनी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं, उगाचच.

काही दिवसांनी मालक मला बाजारात भेटला. आता तो वयनी म्हणाला नाही. म्हणाला, “पैसे विमा कंपनीन दिल्यान. माजा काय गेला?”

“तुमचा काय गेला नाय, माका ठावक आसा,” मी म्हटलं. “माजो गुडघो गेलो. आणि तो कोणामुळे गेलो ता आता कोर्टान लिवन दिल्यान. व्हया तर तुमका एक प्रत देतंय.”

तो ट्रककडे निघून गेला. फाळक्याला नवी कडी होती, दोन होत्या.

यंदाच्या ग्रामसभेला मी गेले. यापूर्वी कधी गेले नव्हते. बायका मागे बसतात आणि चहा आला की उठतात. मी पुढच्या खुर्चीवर बसले, कारण मला खाली बसता येत नाही. विषय संपले तेव्हा हात वर केला आणि म्हटलं, गावातून चिरे, वाळू, खडी घेऊन जाणाऱ्या प्रत्येक गाडीला फाळका बंद आणि वर ताडपत्री पाहिजे, आणि नसेल तर गावाने ती अडवावी, असा ठराव घ्या.

“हा विषय पत्रिकेवर नाही, काकी,” ग्रामसेवक म्हणाला. “पुढच्या सभेला बघू.”

मागच्या बायकांपैकी एकीने तिथूनच विचारलं, “पुढच्या सभेपर्यंत गाडयो बंद ठेवतलास काय?”

दुसरी उभी राहिली. मग तिसरी. चहाची किटली दारात आली होती, पण कोणी उठून गेलं नाही. मी खुर्चीत बसूनच म्हटलं, “लिहा. आम्ही सांगतो, तुम्ही लिहा.”

ग्रामसेवकाने सरपंचांकडे बघितलं, सरपंचांनी छताकडे. मग त्याने टोपण काढलं आणि लिहायला सुरुवात केली.